पहिलं छापील साहस नेमकं कोणतं? व्हॅम्पायर क्वीन, बेडकाचं देऊळ आणि जुन्या मॉड्यूल्सचा घोळ

तळघरवाला

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायचा खेळ, जानेवारी १९७४ मध्ये बाजारात आलं. तपकिरी खोका, आत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली छपाई १००० प्रती. त्यात नियम, राक्षस, खजिने सगळं होतं. फक्त उघडलं की खेळायला बसता येईल असं तयार साहस, म्हणजे नकाशे-राक्षसांसह लिहून दिलेला डाव, नव्हतं. तिसऱ्या पुस्तिकेत भुयाराचा एक नमुना नकाशा आणि त्याचं थोडं स्पष्टीकरण, बास. बाकी ज्याचं त्याने घरी बसून रचायचं.

मग 'मॉड्यूल' म्हणून सुटं, विकत घेता येणारं पहिलं साहस कोणतं? माझं उत्तर: 'पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन', १९७६, लेखक पीट आणि ज्युडी केरेस्टन, प्रकाशक वी वॉरियर्स. म्हणजे डी अँड डी काढणारी टीएसआर कंपनी नव्हेच! टीएसआरने त्याचं फक्त वितरण केलं. आजची मॉड्यूल्स डोळ्यांसमोर ठेवून ते उघडाल तर दचकाल. कथेचा पसारा नाही. पाच मजल्यांचे नकाशे, आणि प्रत्येक मजल्याचा तक्ता: खोली क्रमांक, आत कोण, आत काय. वर्णनं नाहीत म्हटलं तरी चालेल. अपहरण झालेली राजकन्या सोडवायची, एवढंच कथानक.

कुणाचं वेगळं मत असेल तर पुराव्यासकट लिहा. 'मी ऐकलंय' नको.

बेडूकराव

वेगळं मत आहे आणि ते माझ्या आयडीवरून ओळखलंच असेल. 'टेंपल ऑफ द फ्रॉग', लेखक डी अँड डीचे सहनिर्माते डेव्ह आर्नेसन, १९७५. 'ब्लॅकमूर' या खेळाच्या नियमांच्या दुसऱ्या पुरवणीत आहे. साठ पानी पुस्तिकेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या एका देवळाने खाल्लाय. नकाशे आहेत, खोल्यांची वर्णनं आहेत, पहारेकऱ्यांची संख्या आहे. केरेस्टन जोडप्याच्या एक वर्ष आधी. विषय संपला.

चकलीताई

विषय कसा संपला? ती नियमांची पुरवणी आहे. पात्रांचे नवे वर्ग, नवे राक्षस, पाण्याखालच्या लढाईचे नियम, आणि त्यात एक साहस. सुटं विकलं गेलंच नाही. धाग्याच्या मथळ्याखाली 'सुटं, विकत घेता येणारं' असं स्पष्ट लिहिलंय.

बेडूकराव

ताई, दिवाळी अंकात आधी आलेली कादंबरी ही कादंबरी नसते का? की पुस्तक निघेपर्यंत तिला 'फराळासोबतचा मजकूर' म्हणायचं?

चकलीताई

कादंबरी असतेच. पण त्या अंकाला कुणी 'पहिलं पुस्तक' म्हणत नाही. मथळा 'पहिलं छापील साहस' म्हणतो, पोस्ट 'पहिलं मॉड्यूल' म्हणते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तळघरवाल्यांनी ते एका पिशवीत कोंबलेत.

सरडा_छाप

खुर्ची टाकून बसलोय. चहा कुणाला?

गोमूत्री_नकाशा

दोघेही एक गोष्ट विसरताय: हौशी नियतकालिकं. पॉल जॅक्वेज (पुढे जेनेल जॅक्वेज) यांच्या 'द डंजनिअर'चा पहिला अंक जून १९७६ चा, आणि त्यात 'एफचेलरॅक्स टूम' हे छोटं पण संपूर्ण साहस आहे. हेच जॅक्वेज १९७९ मध्ये जजेस गिल्ड या प्रकाशनसंस्थेसाठी 'डार्क टॉवर' आणि 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रॅशिया' करतात. एकाहून जास्त वाटांनी आत जाता येणारे, मजल्यांमध्ये आडजिने असलेले नकाशे ही त्यांची खासियत. जुन्या प्रतींवर श्रेय 'पॉल' नावानेच आहे. यादी करताना दोन वेगळे लेखक समजू नका, बऱ्याच याद्यांत हा घोळ आहे.

शिवाय डी अँड डीच्या बाहेर डोकावलं तर फ्लाइंग बफेलोचं 'बफेलो कॅसल', तेही १९७६ चं. टनेल्स अँड ट्रोल्स या दुसऱ्या भूमिका-खेळासाठी, एकट्याने खेळायचं. रिक लूमिस यांचं. परिच्छेद वाचा, पर्याय निवडा, सांगितलेल्या जागी जा. भूमिका-खेळांसाठीचं पहिलं एकट्याचं छापील साहस म्हणून त्याचा मान वेगळा.

खडूस_कासव

आणि स्पर्धांच्या पुड्यांचं काय? या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सुरुवातीची बहुतेक नामवंत साहसं विक्रीसाठी लिहिलेलीच नव्हती. ती संमेलनांतल्या स्पर्धांसाठी लिहिलेली होती. एकाच वेळी अनेक टेबलं, प्रत्येक टेबलाला तेच भुयार, त्याच तयार व्यक्तिरेखा, ठरावीक वेळ, आणि गुण. सगळ्यांना सारखं मोजायचं तर खोल्या आणि सापळे कागदावर पक्के हवेत. घरच्या खेळात गुरू (डाव चालवणारा) तोंडाने निभावून नेतो, स्पर्धेत दहा गुरूंना एकच कागद लागतो. लिहून काढण्याची सक्ती अशी झाली.

'टूम ऑफ हॉरर्स' १९७५ मध्ये बाल्टिमोरच्या पहिल्या ओरिजिन्स संमेलनात खेळवलं गेलं. छापलं १९७८ मध्ये. 'बॅरियर पीक्स' १९७६ च्या ओरिजिन्सचं, छापलं १९८० मध्ये. राक्षसगडांची जी१, जी२, जी३ (टीएसआरचे सांकेतिक क्रमांक: अक्षर मालिकेचं, आकडा तिच्यातल्या क्रमाचा) ही तीन १९७८ च्या ओरिजिन्सची आणि त्याच वर्षी छापलेली. टीएसआरची स्वतःची पहिली सुटी मॉड्यूल्स तीच.

आता मधली पायरी बघा. डेट्रॉइटकडच्या मेट्रो डेट्रॉइट गेमर्स या मंडळाच्या विंटरकॉन संमेलनासाठी डी अँड डीचे दुसरे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७६ मध्ये 'द लॉस्ट कॅव्हर्न्स ऑफ त्सोजकॉन्थ' लिहिलं. मंडळाने त्याच्या सुमारे ३०० प्रती काढून विकल्या. सुटं आहे, विकत मिळत होतं, लेखक खुद्द गायगॅक्स, साल १९७६. टीएसआरचा शिक्का नाही. १९८२ मध्ये हेच वाढवून एस४ म्हणून आलं आणि नावातलं स्पेलिंगही बदललं: 'त्सोजकॉन्थ'चं 'त्सोजकान्थ'. एका स्वराने संग्राहकांच्या डोक्याला ताप.

त्यामुळे 'लिहिलं कधी', 'खेळवलं कधी', 'मंडळाने विकलं कधी' आणि 'टीएसआरने छापलं कधी' अशी एकाच साहसाला चार सालं लागतात. इंटरनेटवरची अर्धी भांडणं दोन माणसं दोन वेगळी सालं धरून बसल्यामुळे आहेत.

तळघरवाला

कासवराव, दंडवत. त्सोजकॉन्थ माझ्याकडून सुटलं होतं, मान्य. पण ते संमेलनाच्या टेबलावर विकलं गेलं. दुकानात गेलं नाही.

बेडूकराव

आता 'दुकानात' हा नवा निकष आला. उद्या 'बारकोड हवा' म्हणाल.

पाचपैलू

मूळ शंका: टीएसआरला १९७८ पर्यंत सुचलंच कसं नाही? खेळ त्यांचा, साहसं लोक विकतायत.

गोमूत्री_नकाशा

सुचलं नाही असं नाही, त्यांना त्यात धंदा दिसत नव्हता. समज असा की भुयार स्वतः रचणं हीच तर गंमत, आयतं कोण घेणार? बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन जुलै १९७६ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटरहून टीएसआरच्या गावी, लेक जिनिव्हाला गेले, खेळासाठी पूरक साहित्य काढण्याची परवानगी मागितली आणि ती सहज मिळाली. कारण हेच: यातून काय कमावणार, कमवा. त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये जेन कॉन या खेळ-संमेलनाला 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड'चा शहर-नकाशा विकायला आणला. मोठा नकाशा चार तुकड्यांत, बाकी पुस्तिका वर्गणीदारांना मागाहून टपालाने. जजेस गिल्ड उभी राहिली ती अशी. पुढे 'डी अँड डीसाठी मान्यताप्राप्त' हा मजकूर त्यांच्या मुखपृष्ठांवर झळकला. बाजार आहे हे दिसल्यावर टीएसआर उतरली, आणि १९८२ पर्यंत गिल्डचा परवाना संपला होता.

खरेदी करणाऱ्यांसाठी: सिटी स्टेटचा जुना संच घेताना नकाशाचे चारही तुकडे मोजा. वेगवेगळ्या टपालाने आलेला माल असल्यामुळे 'संपूर्ण' म्हणून विकले जाणारे संच बऱ्याचदा दोन अर्धवट संचांची गोधडी असतात. चारही तुकड्यांच्या कागदाचा रंग आणि घड्यांच्या रेषा जुळतात का, ते पाहा.

निळी_शाई

छपाईवर बोलायचं तर हे माझं अंगण.

१९७८-७९ च्या टीएसआर मॉड्यूल्सचं मुखपृष्ठ पुस्तिकेला शिवलेलं नसतं. जाड कागदाची सुटी घडी, बाहेर एकरंगी छाप, आत निळे नकाशे. पुस्तिका वेगळी, फक्त आत सरकवलेली. उद्देश व्यवहारी: खेळ चालवताना नकाशा समोर उभा राहतो आणि पुस्तिका हातात. परिणाम असा की मुखपृष्ठ एका प्रतीचं आणि पुस्तिका दुसऱ्या छपाईची, अशी लग्नं भरपूर लागलेली आहेत.

साल ओळखायला कॉपीराइटची ओळ वापरू नका. ती मजकुराचं साल सांगते, छपाईचं नाही. टीएसआरचं चिन्ह बघा:
गायगॅक्स आणि त्यांचे भागीदार डॉन के यांच्या आद्याक्षरांचं 'जीके' हे सर्वांत जुनं. त्यानंतर सरडा, १९७८ पर्यंत. मग जादूगार, १९७८ ते १९८०. जादूगाराचा फक्त चेहरा असलेलं चिन्ह १९८० ते १९८२. म्हणजे १९७८ च्या कॉपीराइटचं पण चेहरा छापलेलं मॉड्यूल कुणी 'पहिली छपाई' म्हणून विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

पानांचा हिशोबही मजेशीर आहे. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येणार. जी१ आठ पानी, जी२ आठ पानी, जी३ सोळा पानी. १९८१ मध्ये तिन्ही एकत्र करून जी१-२-३ काढलं ते बत्तीस पानी. ८+८+१६. कुणी बसून नवीन काही लिहिलं असेल असं वाटत नाही.

सरडा_छाप

माझ्या नावाला शेवटी न्याय मिळाला. १९७८ पर्यंत चालणारा माल आहे मी.

पाचपैलू

नकाशे निळे का? झेरॉक्स होऊ नये म्हणून, हे खरं का?

निळी_शाई

परिणाम खरा आहे. त्या काळच्या यंत्रांना फिका निळा पांढऱ्यासारखाच दिसायचा, म्हणून कॉपीत नकाशा विरून जायचा. मांडणी करणारे लोक खुणा करायला फिक्या निळ्या पेन्सिली वापरत ते याच गुणामुळे: छपाईच्या कॅमेऱ्याला त्या खुणा दिसत नाहीत.

चकलीताई

दुसरा फायदा विसरू नका. निळ्या नकाशावर शिसपेन्सिलीने किंवा काळ्या पेनाने केलेल्या नोंदी उठून दिसतात. कोणता सापळा फुटला, कोणता दरवाजा उघडा राहिला. काळ्या नकाशावर त्याच नोंदींचा चिखल होतो. सगळं चोरीच्या भीतीने केलं असं मानायची गरज नाही.

निळी_शाई

पटलं. आणि आज स्कॅन करणाऱ्यांसाठी उपाय सोपा: ग्रेस्केलमध्ये स्कॅन करू नका, रंगीत करा, ६०० डीपीआय. मग प्रतिमेचे लाल-हिरवा-निळा असे भाग वेगळे करून फक्त लाल ठेवा. निळी शाई लाल प्रकाश शोषते, त्यामुळे लाल भागात नकाशा जवळजवळ काळा दिसतो. उलट नकाशा पुसून फक्त पेनाच्या नोंदी हव्या असतील तर निळा भाग ठेवा. पिवळ्या पडलेल्या कागदावर मात्र निळ्या भागात डाग गडद होतात, तिथे लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची पातळी) हाताने लावाव्या लागतात.

तळघरवाला

धागा झेरॉक्सच्या दुकानात शिरलाय. पण चालू द्या, उपयोगी आहे.

धूमकेतू_दोनदा

नकली प्रतींबद्दलही लिहा कुणीतरी. नारिंगी बी३ च्या नावाखाली काय काय विकतात!

खडूस_कासव

बी३ ची गोष्ट थोडक्यात, कारण नव्यांना माहीत नसेल. 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस', लेखिका जीन वेल्स, १९८१. नारिंगी मुखपृष्ठाची छपाई झाली, गठ्ठे आले आणि कंपनीच्या वरच्यांनी ती लगेच मागे घेतली. प्रती लेक जिनिव्हाच्या कचरा डेपोत गेल्या. मग टॉम मोल्डवे यांनी बराचसा मजकूर नव्याने लिहिला आणि त्याच वर्षी हिरव्या मुखपृष्ठाची आवृत्ती आली. सांकेतिक क्रमांक दोन्हींचा तोच, ९०४४. म्हणून क्रमांक बघून काही कळत नाही, रंग आणि श्रेय बघा: नारिंगीवर वेल्स एकट्या, हिरव्यावर मोल्डवे आणि वेल्स.

कारण? बहुतेक जण चित्रांकडे बोट दाखवतात. लॉरा रॉस्लॉफ यांचं बांधलेल्या स्त्रीचं चित्र आणि एरॉल ओटस यांचे तीन तोंडांचे प्राणी, ज्यांत कंपनीतल्याच लोकांचे चेहरे असल्याची वदंता आहे.

चकलीताई

चित्रांवर सगळं ढकलणं सोयीचं आहे. चित्रं नडली असती तर चित्रं बदलून भागलं असतं. मजकूर कशाला फिरवला? नारिंगी प्रतीत कित्येक खोल्या गुरूने भरायच्या म्हणून मोकळ्या सोडल्यात. त्याच मालिकेतल्या पहिल्या, बी१ मध्येही तेच तंत्र होतं: 'राक्षस:' आणि 'खजिना:' पुढे कोरी जागा, मागे यादी. १९७८ मध्ये ते शिकवण्याचं साधन होतं, १९८१ मध्ये अपुरं काम वाटलं. बदलली ती वाचकाची अपेक्षा. आणि लेखिकेचं पुस्तक तिच्या हातून निघून गेलं, ही त्यातली जास्त खटकणारी बाब आहे. चित्रांच्या चघळण्यात ती कायम मागे पडते.

निळी_शाई

नकली ओळखण्याबद्दल. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे.

ऑफसेटमध्ये अक्षराची शाई कागदात मुरलेली, कड स्वच्छ. राखाडी छटा बारीक ठिपक्यांच्या शिस्तबद्ध ओळींनी बनते. लेझर प्रिंटमध्ये टोनर कागदावर बसलेला, तिरक्या प्रकाशात चमकतो, अक्षरांभोवती भुकटीचे कण दिसतात. इंकजेटची कड धाग्यांवरून पसरते.

पिन: छापखान्याची पिन गोल तारेची, रिळावरून कापलेली. ऑफिसच्या स्टेपलरची चपटी, कारण त्या पट्टीत चिकटवून येतात. जुन्या पिनेचा गंज कागदात उतरतो आणि आतल्या पानांवर त्याच जागी ठसा असतो. पिन नवी पण कागदावर गंजाचा जुना डाग, तर पानं बदललेली असू शकतात.

अतिनील दिव्यावर विसंबू नका. कागद पांढरा दिसावा म्हणून चकाकी आणणारी द्रव्यं १९५० च्या दशकापासून वापरात आहेत, तेव्हा 'चमकला म्हणजे नवा' हे चूक. एकाच प्रतीतलं एक पान चमकतं आणि बाकीची नाहीत, तेव्हा मात्र कान टवकारा.

आणि १९९९ चा रौप्यमहोत्सवी संच लक्षात ठेवा. त्यात बी२, एस२ वगैरेंची अधिकृत पुनर्मुद्रणं होती. संच फोडून ती सुटी विकली जातात. ती नकली नाहीत, पण १९७९ चीही नाहीत.

नारिंगी बी३ फक्त वाचायचं असेल तर पैसे घालवू नका. १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने पुढे त्याचं स्कॅन आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलं होतं.

धूमकेतू_दोनदा

धन्यवाद! अजून एक: डब्ल्यूजी१, २, ३ कुठे मिळतील? डब्ल्यूजी४ पासून पुढचं सगळीकडे दिसतं.

गोमूत्री_नकाशा

नाही मिळणार. ती निघालीच नाहीत. 'व्हिलेज ऑफ हॉमलेट' म्हणजे टी१ हे पहिलं धरलं, न आलेलं टी२ दुसरं धरलं, एस४ तिसरं धरलं आणि मोजणी चारपासून सुरू केली. टी२ ही वेगळं कधी आलं नाही. टी१ १९७९ चं, आणि त्यानंतर थेट १९८५ मध्ये टी१-४, 'टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल', गायगॅक्स यांच्या टिपणांवरून फ्रँक मेंट्झर यांनी पुरं केलेलं. सहा वर्षं गावात मुक्काम आणि देऊळ काही दिसेना.

बेडूकराव

नगरपालिकेचा रस्ता झाला हा.

पाचपैलू

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर, नवख्यांसाठीच्या 'बेसिक' खोक्यातून बी१ काढून बी२ घातलं ते रॉयल्टीसाठी, असं म्हणतात. बी१ माइक कार यांचं, बी२ गायगॅक्स यांचं.

चकलीताई

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. घडलं ते असं: होम्स यांनी संपादित केलेल्या १९७७ च्या बेसिक खोक्यात आधी भुयाराचे सुटे तुकडे आणि राक्षस-खजिन्याच्या याद्या होत्या. १९७८ च्या अखेरीस त्यांच्या जागी बी१ आलं, नंतर बी२. खोक्याचा खप प्रचंड, त्यामुळे आतल्या पुस्तिकेच्या लेखकाला मिळणारी रक्कम मोठी. एवढं पक्कं. हेतू काय होता, हा आरोप आहे.

त्याच काळात रॉयल्टी हा दुखरा विषय होता हे मात्र खरं. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला होता, कारण 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने काढलेल्या पुस्तकांवर त्यांना काही मिळत नव्हतं. १९८१ मध्ये तडजोड झाली. मुखपृष्ठावर 'ॲडव्हान्स्ड' आहे की नाही, हा त्या काळात पैशाचाही प्रश्न होता.

खडूस_कासव

श्रेयाची उलट उदाहरणंही आहेत. 'टूम ऑफ हॉरर्स'ची मूळ कल्पना ॲलन लुशन यांची, हे गायगॅक्स यांनी पुढे स्वतः मान्य केलंय. आणि 'व्हाइट प्लूम माउंटन', एस२, १९७९: लॉरेन्स शिक यांनी नोकरीच्या अर्जासोबत नमुना म्हणून पाठवलं होतं. आपल्या जुन्या भुयारांतले उत्तम तुकडे एकत्र शिवलेले. कंपनीने नोकरीही दिली आणि नमुना जवळजवळ तसाच छापलाही. डोंगरात एकामागून एक कोडी का आहेत याचं उत्तर त्यात आहे: तो बायोडेटा आहे.

सरडा_छाप

बायोडेटात ज्वालामुखी घालायचा असतो हे आधी का नाही सांगितलं कुणी.

तळघरवाला

मूळ प्रश्नाकडे येतो. चकलीताईंचा आक्षेप मान्य, मी दोन प्रश्न एकत्र केले होते. सुधारून:

छापलेलं पहिलं संपूर्ण साहस: 'टेंपल ऑफ द फ्रॉग', १९७५. बेडूकराव जिंकले.
सुटं, वितरकामार्फत दुकानात गेलेलं पहिलं: 'व्हॅम्पायर क्वीन', १९७६. हे मी सोडणार नाही.
टीएसआरचं स्वतःचं पहिलं सुटं मॉड्यूल: जी१, १९७८.
त्सोजकॉन्थला संमेलनाच्या रकान्यात वेगळी जागा.

बेडूकराव

जिंकलो तर जिंकलो, पण एक खडा माझ्याच बाजूने टाकतो. 'ब्लॅकमूर'चं संपादन टिम कास्क यांनी केलं. हाती आलेलं हस्तलिखित म्हणजे विस्कळीत टिपणांचा ढीग होता आणि बरंच काही आपल्याला लिहावं लागलं, असं त्यांनी सांगितलंय. तेव्हा पहिल्या साहसावर नाव आर्नेसनचं, पण हात किती जणांचे, हे पुस्तिका बघून कळत नाही. १९८६ मध्ये डीए२ म्हणून तेच देऊळ पुन्हा आलं तेव्हा आर्नेसन यांच्या शेजारी डेव्हिड रिची यांचं नाव छापलंय.

चकलीताई

म्हणजे अंकातली कादंबरी अकरा वर्षांनी पुस्तकरूपात आली. आता मी गप्प.

धूमकेतू_दोनदा

नकाशा लाल भागात काढून पाहिला. जी३ चा खालचा मजला पहिल्यांदा नीट वाचता आला. पिवळ्या डागांसाठी लेव्हल्स कुठवर ओढायच्या?

निळी_शाई

कागदाचा रिकामा भाग निवडून त्याचा हिस्टोग्राम बघा. उजवीकडचा उंचवटा जिथे सुरू होतो त्याच्या किंचित डावीकडे पांढरा बिंदू ठेवा. त्याहून डावीकडे नेलात तर खोल्यांचे आकडे उडतील.